उत्तरेला पंखा

मराठी घरात भूगोलाचा पहिला तास जेवणाच्या पाटावर भरतो आणि तो आजी घेते. दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये, उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, दिव्याची वात दक्षिणेला वळवू नये. या ‘नये’ची कारणं विचारायची सोय नसते, विचारलीच तर ‘नाही म्हटलं ना!’ एवढंच शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण मिळतं. पण पाळायचं म्हटलं तर दक्षिण कुठे हे ठाऊक असावं लागतं. त्यामुळे शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा परक्या घरात गेली की चहाच्या आधी त्या घराची दक्षिण शोधून ठेवायची. आमची आई अजून ठेवते. वास्तुशांतीला गेलो की यजमान मॉड्युलर किचन दाखवत असतात आणि आई पडदा बाजूला सारून सूर्य कुठवर आलाय ते बघत असते.

साताऱ्यात हे काम सोपं आहे. गावाच्या दक्षिणेला अजिंक्यतारा बसलाय, तोही असा की गच्चीवर जा नाहीतर गल्लीच्या तोंडाशी उभे राहा, तो दिसतोच. किल्ल्याकडे पाठ केली की जेवायला मोकळे.

मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याहून येणाऱ्या माझ्या भाचरांना असा किल्ला नाही. त्यांच्या सतराव्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा सतरावा मजला दिसतो. ओवी आता सहावीत जाईल, मल्हार चौथीत. यंदा आल्या दिवशी पानं वाढून झाल्यावर आई म्हणाली, “मल्हार, तिकडं तोंड नको, उत्तरेकडं बस.” मल्हारनं मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

“उत्तर कुठंय रे?” मी विचारलं.

त्यानं छताकडे बोट केलं. “वर.”

“वर म्हणजे कागदाच्या वर, येड्या,” ओवी मोठ्या बहिणीच्या अधिकारानं म्हणाली.

“आणि पंखा फिरला की उत्तर फिरते होय रे?” आईनं विचारलं आणि वरण वाढलं.

दोघांनाही भूगोलात उत्तम गुण आहेत, हे सांगितलंच पाहिजे. पोरांची चूक नाही. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, फळ्यावर काढलेला असतो, पुस्तकात उभा छापलेला असतो. त्याची उत्तर आभाळाकडे आणि कन्याकुमारी जमिनीकडे. अशा नकाशावर नद्यासुद्धा वरून खाली वाहायला हव्यात असं वाटतं, आणि नाईल नदी ‘वर’ कशी जाते हे कोडं पडतं.

यावर उपाय अगदी बिनखर्ची आहे. नकाशा भिंतीवरून काढावा आणि फरशीवर अंथरावा. त्याची दक्षिण खऱ्या दक्षिणेकडे येईल असा फिरवावा. निम्मा भूगोल तिथेच सुटतो. आम्ही महाराष्ट्राचा नकाशा माजघरात अंथरला, कन्याकुमारीची बाजू किल्ल्याकडे केली, आणि मल्हार महाबळेश्वरावर गुडघा टेकून बसला. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पासष्ट-एक किलोमीटरवर. पण कृष्णेनं त्याच्याकडे पाठ फिरवली, आमच्या माहुलीवरून गेली आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळाली. “जवळचा समुद्र सोडून?” मल्हारला हे पटेना. सह्याद्रीची भिंत आणि पूर्वेकडे उतरत गेलेलं पठार असं सगळं समजावल्यावर तो म्हणाला, “म्हणजे नदीला नकाशा दिसत नाही, उतार दिसतो.” यात माझ्याकडून भर घालण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना घर ते वाण्याचं दुकान एवढाच नकाशा काढायला सांगितला. लहान मुलाचा पहिला नकाशा हा वाचण्याजोगा दस्तऐवज असतो. मल्हारच्या नकाशात आमचं घर अर्ध्या कागदावर पसरलं होतं. बर्फगोळ्याची गाडी बँकेपेक्षा मोठी होती. मारुतीचं देऊळ गायब होतं, कारण तिथे त्याचं काही काम नसतं. मात्र नकाशाला सूची हवी, हे शाळेत शिकवलेलं तो विसरला नव्हता. सूचीत तीन चिन्हं: काळा ठिपका म्हणजे चावणारं कुत्रं, पांढरा ठिपका म्हणजे न चावणारं कुत्रं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे अजून माहीत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे काढतोय, पण गल्लीतून सायकल न्यायची तर मी मल्हारचाच नकाशा घेईन.

ओवीचा नकाशा नीटस होता. तिनं अंतर पावलांनी मोजलं होतं, मल्हारनंही मोजलं होतं; दोघांचे आकडे जुळेनात आणि त्यावरून भांडण झालं. प्रमाण नावाची गोष्ट नकाशात का असते, हे धड्यापेक्षा त्या भांडणानं चांगलं शिकवलं. मग हौसेनं आजीलाही वाट विचारली. तिनं कागदाला हात न लावता सांगितलं, “गिरणीपाशी वळायचं, मग मोडकं फाटक, त्याच्या अलीकडं.” ती गिरणी पाडून वीसेक वर्षं झाली. मोडकं फाटकही आता नाही, तिथे तीन मजले आहेत. आजीच्या नकाशात मात्र दोन्ही जागच्या जागी आहेत आणि ती कधी चुकत नाही.

तिन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा जाणवलं की माणूस नकाशा काढतो तो स्वतःपासून. आपलं घर मध्ये, आपल्या गरजेचं मोठं, बाकीचं कडेला. भूगोल शिकायचा म्हणजे हे आपलं घर हळूहळू लहान करत न्यायचं. आधी कागदाच्या कोपऱ्यात, मग ठिपक्याएवढं, मग दिसेनासं. आणि हे वाईट न वाटता जमलं पाहिजे. मोठ्यांनाही ते सहसा जमत नाही.

म्हणून त्यांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेलो. सकाळच्या उन्हात, नकाशा गुंडाळून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. उत्तरेच्या तटावरून सगळं गाव पायाखाली दिसतं. नकाशा दगडांखाली दाबून पसरला, फिरवून गावाशी जुळवला, आणि शोध सुरू झाला. पश्चिमेला यवतेश्वर सापडला. पूर्वेला जरंडेश्वर सापडला, त्याच्या अलीकडे कृष्णा आणि वेण्णेचा संगम कुठे असेल ते झाडीवरून ओळखलं. बसस्थानक सापडलं, राजवाडा सापडला. घर सापडेना.

“आपलं घर कुठाय?” मल्हार बराच वेळ डोळे बारीक करून बघत होता.

“ती निळी टाकी दिसते का? तिच्या डावीकडं.”

“निळ्या टाक्या शंभर आहेत.”

होत्याच. इथून बघणाऱ्याला आमची टाकी इतर टाक्यांहून वेगळी वाटण्याचं काही कारण नव्हतं. मल्हारचा चेहरा पडला. मग त्यानं खिशातून स्वतःचा नकाशा काढला, मोठ्या नकाशाशेजारी ठेवला, आणि आपलं अर्ध्या कागदाचं घर खोडून पुन्हा काढलं. बर्फगोळ्याची गाडी मात्र तेवढीच ठेवली.

असल्याच डोंगरमाथ्यांवर उभं राहून या देशाचा नकाशा मोजला गेला, ही गोष्ट तिथे सांगायलाच हवी होती. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासेत एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो पुढे निघाला. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं. ते माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढायचं. वीस वर्षं हेच. १८२३ मध्ये लॅम्बटन वारला तो आपल्या हिंगणघाटला, वर्धा जिल्ह्यात, काम अर्धवट टाकून. पुढे ते जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. हिमालयातलं ‘शिखर १५’ सर्वांत उंच आहे, ही आकडेमोड १८५२ मध्ये राधानाथ सिकदारांनी केली. उंची भरली २९,००२ फूट आणि नाव लागलं जुन्या साहेबांचं. “म्हणजे होमवर्क एकाचं आणि नाव दुसऱ्याचं,” ओवी म्हणाली. तिच्या वर्गातही असं कुणीतरी असावं.

आपण मध्यभागी आहोत ही समजूत मल्हारपुरती नाही, गावांनाही असते. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापाशी उभा राहून भारताचा मध्य इथेच असं सांगणारा नागपूरकर भेटला नाही असं होत नाही. पुण्यातही पोस्टाच्या मुख्य कचेरीजवळ असा एक शून्याचा दगड आहे. पुणेकर मात्र त्यावर अवलंबून नसतात. मुंबईची तर गोष्टच वेगळी. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर सगळ्या देशानं घड्याळं लावली, तरी मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

मुंबईचा हा मान मुलांना गाड्यांच्या पाट्यांवरून कळला. संध्याकाळी कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे ‘एमएच’ पुढचे आकडे टिपायचे, आणि नकाशावर पेन्सिलीनं एकापासून पुढे रेघ ओढत जायचं, असा खेळ ठरला. कुणीतरी प्रवासाला निघालंय असं समजायचं. पहिली चार पावलं मुंबई-ठाण्यातच पडतात. पाचवं कल्याण, सहावं रायगड. मग गडी एकदम सिंधुदुर्गात उतरतो, आणि तिथून उलटा फिरून आठव्या पावलाला रत्नागिरीत येतो.

“काहीतरी विसरला असणार,” मल्हार म्हणाला.

“आंबे,” ओवी म्हणाली.

आंबे घेऊन तो घाट चढतो आणि नवव्या पावलाला कोल्हापुरात पोचतो. सांगली दहा, सातारा अकरा, पुणे बारा. इथे पुन्हा त्याचा पाय अडतो: तेरावं सोलापूर गाठून चौदाव्याला तो परत पिंपरी-चिंचवडात. मग मात्र सुसाट. नाशिक, नगर, श्रीरामपूर, धुळे, जळगाव, वीस नंबरला संभाजीनगर, मराठवाडा फिरून सव्वीसला नांदेड, मग अमरावतीहून वऱ्हाडात, नागपूर एकतीस, गडचिरोली-चंद्रपुरावरून छत्तीसला भंडारा. नकाशावर पेन्सिलीची वेडीवाकडी पण सलग वाट उमटली. पुढचे आकडे कोडं घालतात: वाशिम सदतीस, हिंगोली अडतीस, नंदुरबार एकोणचाळीस. तीन गावं, तीन दिशांना. कारण हे जिल्हे नंतर झाले. रांग लागून गेल्यावर आलेल्यानं शेवटी उभं राहायचं, मग घर कुठेही असो.

“पण मोजायला मुंबईपासूनच का लागले?” मल्हारनं विचारलं.

“मोजणारे तिथं बसले होते,” मी म्हटलं.

जिल्हे नंतर होतात, हे कळल्यावर कपाटामागची गुंडाळी बाहेर आली. वडिलांच्या वेळचा महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा, मागे कापड लावलेला, खालच्या काठीशी झुरळांनी खाल्लेला. छापल्याचं वर्ष ज्या कोपऱ्यात असायचं तो कोपराच नाही. “याचं वय सांगा,” मी म्हटलं. जुना नकाशा घरात असेल तर हा खेळ जरूर खेळावा. महाराष्ट्र आहे, म्हणजे १ मे १९६० नंतरचा. नंदुरबार धुळ्यात आहे, वाशिम अकोल्यात. हे दोन १९९८ चे, म्हणजे त्याआधीचा. गडचिरोली नाही, लातूर नाही. ते १९८२ चे. ओवी कोकणात उतरली. रत्नागिरी जिल्हा सरळ गोव्यापर्यंत! सिंधुदुर्ग झालेलाच नाही. तो आणि जालना १९८१ चे. मल्हारनं बोट ठेवून जिल्हे मोजले, सव्वीस भरले. आज छत्तीस आहेत, शेवटचा पालघर, २०१४ चा. तर नकाशा १९६० ते १९८१ च्या मधला, असा निवाडा झाला. आईनं स्वयंपाकघरातून अपील ऐकून घेतलं. “तुमचा मामा रांगत होता तेव्हा आणलाय तो. त्याच्या काठीला धरून उभा राहायचा.” नकाशाचं वय अचूक ठरलं, माझंही उघड्यावर पडलं.

सगळ्यात रंगलेला खेळ मात्र दोऱ्याचा. अ‍ॅटलासमधल्या भारताच्या पानावर कोकणचा किनारा दोऱ्यानं मोजायचा, प्रमाणपट्टीवर धरून किलोमीटर काढायचे. मग तोच किनारा महाराष्ट्राच्या मोठ्या नकाशावर मोजायचा. दोन्ही नकाशे खरे, दोन्ही दोरे सरळ धरलेले, तरी आकडे वेगळे. मोठ्या नकाशात किनारा लांब! ओवीनं पुन्हा मोजून पाहिलं. शेवटी मल्हारला दिसलं: लहान नकाशात जी नुसती रेघ होती तिला मोठ्या नकाशात धरमतरची खाडी होती, राजपुरीची होती, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, असे दाते पडले होते आणि दोरा प्रत्येक दात्यात जाऊन येत होता. नकाशा जेवढा बारीक, तेवढा किनारा लांब.

हे फक्त दोऱ्याचं झालं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण आम्ही शाळेत घोकलेला भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर; अलीकडे सरकारनं बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून तो पुन्हा मोजला, तर ११,०९८ भरला. समुद्र तिथेच आहे, जमीन तिथेच आहे. लाटेनं साडेतीन हजार किलोमीटर आणून टाकले नाहीत. मोजणाऱ्याचा दोरा तेवढा बारीक झाला. आमच्या पिढीनं ज्या आकड्यावर एक गुण मिळवला, तो आता परत मागणार की काय, अशी मला बारीकशी धास्ती आहे.

पुढे जगाच्या नकाशावर ग्रीनलंडनं डोळे दिपवले. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात तो भारताच्या कितीतरी पट दिसतो. प्रत्यक्षात भारत सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्याही आत. हे पटवायला मोसंबं घेतलं, त्यावर पेनानं खंड काढले आणि साल एकसंध सोलून ताटात सपाट करायला सांगितलं. साल फाटली. फाटू द्यायची नसेल तर वरचा-खालचा भाग ताणावा लागतो, आणि १५६९ मध्ये मर्केटरनं खलाशांच्या सोयीसाठी नेमकं तेच केलं. होकायंत्राची दिशा त्याच्या नकाशावर सरळ रेघेत धरता येते. त्यापायी ध्रुवांकडचे देश फुगले. खलाशांचं काम झालं. आपण तो नकाशा वर्गात टांगला आणि ग्रीनलंडची उगाच धास्ती घेतली.

फोनमधला नकाशा यापेक्षा लबाड आहे. त्यात निळा ठिपका असतो, आणि तो ठिपका म्हणजे आपण. आपण चाललो की सगळं जग सरकतं; ठिपका मध्येच. भरीला त्यातली वाट सांगणारी बाई नाव घेऊन दिशा सहसा सांगत नाही. पुढे उजवीकडे वळा, मग डावीकडे वळा. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे. पूर्व, पश्चिम, किल्ला, नदी यांच्याशी तिला देणंघेणं नाही. किल्ल्यावर खोडून लहान केलेलं घर फोन पुन्हा अर्ध्या कागदाचं करून देतो. फोन वापरू नये असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. फक्त पोरांना एक सवय लावली: रस्त्याला लागायच्या आधी नकाशा दोन बोटांनी लहान करत न्यायचा, निळा ठिपका गाव, तालुका, जिल्हा ओलांडेपर्यंत. मग निघायचं.

सुट्टी संपली. परतीची एस.टी. सकाळी नऊची होती. बस फलाटाला लागली तशी खिडकीवरून जुंपली, पण भांडण नेहमीचं नव्हतं. बाक दोन, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या. मल्हार आत जाता-जाता थांबला, किल्ल्याकडे पाहिलं, हिशेब केला. किल्ला मागे, म्हणजे बस उत्तरेला जाणार. सकाळ आहे, म्हणजे ऊन पूर्वेकडून, उजव्या खिडकीत. “मी डावीकडे!” म्हणून त्यानं बाक पकडला आणि विजयानं बहिणीकडे पाहिलं. नकाशानं महिनाभर शिकवलेली नम्रता एस.टी.च्या खिडकीपाशी अशी संपते. आणि संपावी, उन्हाळ्यात सावलीची खिडकी मिळत नसेल तर भूगोल शिकून उपयोग काय?

ओवीनं शांतपणे उजवी खिडकी घेतली. पनवेलला बस पोचेल तेव्हा दुपार उतरणीला लागलेली असेल, आणि तिथून ठाणं पुन्हा उत्तरेला.

“पनवेलपर्यंत तुझं बरोबर आहे,” ती म्हणाली.